प्रत्येक भागातला शिडीवाला

समालोचकाचा आयुष्यभराचा एकच नियम होता: ऐकणाऱ्याच्या कानावर शांतता पडता कामा नये. मैदानात काही घडत असेल तर ते सांगायचं, घडत नसेल तर काय घडत नाहीये ते सांगायचं. रेडिओवर त्याने नाव कमावलं ते याच जोरावर. एकदा ऐन सामन्यात असं धुकं उतरलं की मैदान तर सोडाच, समोरच्या काचेबाहेर काढलेला स्वतःचा हातही दिसेना. त्याने खेळ चालू ठेवला. दोन्ही संघांना सारखा न्याय दिला, मध्येच एका खेळाडूला लंगडायलाही लावलं. धुकं निवळलं तेव्हा खेळाडू केव्हाचे आत बसून चहा पीत होते. श्रोत्यांची एकही तक्रार आली नाही. आले ते त्या लंगडणाऱ्याच्या पायाची चौकशी करणारे फोन.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांची पंचाईत होते. याच्या घरी कुणी नव्हतंच, म्हणून तो मोठ्या बहिणीकडे राहायला आला. ताईला त्याची गरजही होती. तिचे मोतीबिंदू पिकले होते, शिवाय डोळ्यांच्या आत सूज होती, आणि सूज उतरल्याशिवाय मी चाकू लावणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सूज उतरायचं नाव घेत नव्हती. ताईला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा, आणि दारात कोणी उभं राहिलं तर तिथला उजेड थोडा मळतो, एवढं.

डोळे गेल्याचं दुःख तिने गिळलं होतं. तिचा राग होता तो लोकांच्या गोड बोलण्यावर.

"पोपट," ती म्हणायची. लहानपणी त्याचं तोंड मिटत नसे म्हणून तिनेच ठेवलेलं हे नाव. "माझी लेक म्हणते, भिंतीवर ओल नाही. मला वास येतोय. कामवाली म्हणते, काच फुटली नाही. मी अनवाणी चालते. सगळे मला जपतात म्हणे. आंधळ्याला जपायचं म्हणजे त्याला फसवायचं, असं ठरलंय जणू. तू तेवढा खरं सांगतोस."

"मला खोटं बोलायला वेळ कुठे असतो?" समालोचक म्हणायचा.

संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसत. ताई सोफ्यावर, हा शेजारच्या खुर्चीत. आधी सासवासुनांची मालिका, मग पोलिसांची, मग इस्पितळातली. शनिवारी स्वयंपाकाची स्पर्धा, रविवारी राजाराणी. संवाद ताईला ऐकू येत. संवादांच्या मधलं त्याने सांगायचं. "सून दार लोटून आत आली. सासूने पाठ फिरवली. इन्स्पेक्टरने कपाट उघडलं, आत शर्ट आहेत, एका शर्टाला रक्त." बोलण्यावर बोलायचं नाही आणि मोकळी जागा सोडायची नाही, हे त्याच्या हाडीमासी होतं. ताईची लेक म्हणायची, "मामा, तुमचं ऐकल्यावर मला डोळे उघडे ठेवायचा कंटाळा येतो."

आता, या मालिकांमध्ये काय असतं ते ज्याने पाहिलंय त्याला ठाऊक आहे. सासू सुनेकडे बघते. सून सासूकडे बघते. मग सासूच तीनदा, वेगवेगळ्या बाजूंनी. मग नणंद, जिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. वर ढमढम संगीत. त्या दिवशी हे इतकं लांबलं की समालोचकाचा सगळा शब्दसाठा संपला. नाकातली चमकी झाली, पडद्यांचा रंग झाला, फुलदाणीतली फुलं खोटी आहेत हेही सांगून झालं. तरी त्या बघतच होत्या. आणि मग त्याच्या तोंडून सहज निघून गेलं:

"मागून एक माणूस शिडी घेऊन गेला."

"कोण माणूस?"

"काय माहीत. बल्ब बदलायला आला असेल."

ताई हसली. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून. तिला असं हसताना त्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि टाळी मिळाली की गप्प बसेल तो समालोचक कसला.

दुसऱ्या दिवशी शिडीवाला पोलिसांच्या मालिकेत, प्रेताच्या मागून गेला. मग इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या खोलीच्या काचेपलीकडून. स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षक चमचा तोंडात धरून डोळे मिटत, तेवढ्यात तो निघून जाई. राजाराणीच्या मालिकेत नेमका भर दरबारातून तो बांबूची शिडी घेऊन गेला, आणि त्यावर ताईला ठसका लागला. हळूहळू त्याला रूपही आलं. पँट आखूड, घोटे उघडे. चेहरा कधीच दिसत नाही, कारण शिडी आडवी खांद्यावर असते आणि डोकं तिच्यापलीकडे. तो कुणाशी बोलत नाही. शिडी कुठे लावत नाही. नुसता जातो.

"आज लावली का रे त्याने?" ताई विचारायची.

"अजून नाही."

"शोधत असेल बिचारा."

ताईच्या मैत्रिणी पुष्कळ. एखादीचा भाग चुकला की ती ताईला फोन करायची, कारण ताईला प्रत्येक भाग तोंडपाठ. ताई कथा सांगायची आणि त्यात शिडीवाल्यालाही सांगायची. समालोचक पेपरात तोंड घालून ऐकायचा. पलीकडून कोणी "कुठला शिडीवाला?" असं विचारील म्हणून पहिले काही दिवस त्याला जरा धाकधूक वाटली. कोणी विचारलं नाही. उलट "हो गं, पाहिला" असंच येऊ लागलं. त्याला याचं नवल वाटलं नाही. माणसाला न पाहिलेलं पाहिलं म्हणायला लाज वाटत नाही, पण आपलं लक्ष नव्हतं हे कबूल करायला फार लाज वाटते. निम्मी रेडिओ कारकीर्द त्याने याच सत्यावर काढली होती.

पण वरच्या मजल्यावर गणिताच्या बाई राहत. शाळा सुटून वर्षं झाली तरी बाईंच्या भुवया अजून वर्गातच होत्या. पाऊस पडतोय असं म्हटलं तरी त्या खिडकीशी जाऊन खात्री करत. त्या एकदा जिन्यात भेटल्या.

"तुमचा तो शिडीवाला," बाई म्हणाल्या.

समालोचकाने मनातल्या मनात कान धरले. "त्याचं काय?"

"त्याच्या शिडीची एक पायरी नाहीये. मधली. काल इस्पितळात नीट दिसलं. अशी शिडी घेऊन माणूस वर चढणार कसा? पडेल एखाद्या दिवशी. मालिकावाल्यांना एवढं कळू नये?"

पायरीचं त्याने कधीच सांगितलं नव्हतं. घरात येऊन त्याने ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "नाहीच आहे ती पायरी. तूच सांगितलंस की." त्याने आठवून पाहिलं. रोज इतकं बोलणारा माणूस प्रत्येक वाक्याचा हिशेब कुठे ठेवणार? सांगितलं असेल. ताईने बाईंना सांगितलं असेल, आणि बाईंचंही शेवटी वय झालंच. दोन घोट चहा पिऊन त्याने तो विषय मिटवला.

पुढे एका संध्याकाळी त्याचा सत्कार होता. शाल, भाषणं, आणि ज्याने त्याला कधी ऐकलं नाही अशा पाहुण्याच्या हातून फुलांचा गुच्छ. ताईसोबत तिची लेक बसली होती. तो परतला तेव्हा लेक मोबाइलमध्ये मान घालून होती, आणि ताई मात्र खुशीत.

"आज गंमत झाली," ती म्हणाली. "इन्स्पेक्टर त्या बाईची उलटतपासणी करतोय आणि आपला शिडीवाला थांबला. पहिल्यांदाच. चांगला उभा राहिला आणि छताकडे बघत होता."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पाऊल ओळखते मी त्याचं."

त्याने भाचीकडे पाहिलं. भाचीने खांदे उडवले. "मी काही नाही बोलले, मामा. मी बघतच नव्हते."

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. त्या रात्री तो अंथरुणावर पडून विचार करत होता की ताईला सगळं कळलेलं असावं, आणि ती आपली फिरकी घेत असावी. हे त्याला पटलं. पटलं म्हणून झोपही लागली. पण दुसऱ्या दिवसापासून तो आवाज जरा मोठा ठेवून कान देऊ लागला. संवादांच्या खाली, संगीताच्याही खाली, लाकूड लाकडावर घासल्यासारखा एक बारीक आवाज येत होता. टीव्ही जुना होता. त्याने मागच्या वायरी काढून पुन्हा घातल्या. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला.

आणि मग सूज उतरली.

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. घरात आनंद झाला. ताईने लेकीला सांगून कपाटातल्या साड्या बाहेर काढल्या, रंग आठवून आठवून हाताने ओळखल्या. समालोचक मात्र दिवस मोजू लागला. दोन-चार आठवड्यांत ताई डोळ्यांनी टीव्ही बघणार. सून येईल, सासू पाठ फिरवेल, आणि मागे कोणीही नसेल. मग तिला कळेल की सगळे जपून खोटं बोलत होते आणि हा एक मजा म्हणून खोटं बोलत होता. इतरांना ती ओरडून मोकळी व्हायची. याला ती काही म्हणणार नाही, हे त्याला माहीत होतं. फक्त पुन्हा काही विचारणार नाही. आयुष्यात ज्याच्या शब्दावर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला असा तो एकच उरला होता, आणि आता ती डोळे उघडणार होती.

सांगून टाकावं म्हणून तो एकदा तिच्याजवळ बसला.

"ताई, ते मालिकांचं..."

"मला आधी त्यालाच बघायचंय," ती म्हणाली. "तुझा चेहरा काय, पाठ आहे मला. त्याचा तू कधी सांगितला नाहीस. दिसत नव्हता म्हणून सांगितला नाहीस. दुसरा कोणी असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं."

अवघड जागेचं दुखणं आणि स्वतःच ओढवून घेतलेलं. तो उठला आणि त्याने समालोचकाला सुचेल तोच उपाय काढला: सामना संपवायचा. खेळाडू मैदानाबाहेर गेला की त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सासूसुना पुन्हा एकमेकींकडे बघत होत्या. त्याने घसा साफ केला.

"ताई, शिडीवाला आला. थांबला. आता खांद्यावरून शिडी उतरवतोय."

ताई पुढे सरकली.

"भिंतीला लावली. हलवून बघितली. चढतोय. सावकाश. डोकं फ्रेमच्या वर गेलं. खांदे गेले. आता नुसते घोटे दिसतायत. गेले. गेला वर, ताई."

छान साधलं होतं. आवाजात थोडी खंतही आली होती, जुन्या खेळाडूच्या निरोपाला येते तशी. ताई अजून पुढेच वाकलेली होती.

"आणि शिडी?" तिने विचारलं.

इथे तो चुकला. मैदानात जे पडलेलं असेल ते सांगायचं, ही सवय. "शिडी आहे तिथेच," तो म्हणाला.

"मग येईल खाली," ताई म्हणाली, आणि समाधानाने मागे टेकली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. आधी एक डोळा, काही दिवसांनी दुसरा. डॉक्टरीणबाई स्वतःवर फार खूश होत्या. दोन्ही पट्ट्या सुटून घरी आल्यावर ताईने सगळ्या खोल्या पाहून घेतल्या. भिंतीवरची ओल पाहिली आणि लेकीकडे नुसतं एकदा बघितलं. लेक चहा टाकायला आत पळाली. भावाच्या गालाला हात लावून ताई म्हणाली, "म्हातारा झालास रे पोपट. आवाजात कळत नव्हतं."

दुपार टळली होती. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. ताईने आपल्या हाताने रिमोट घेतला. गणिताच्या बाईही मुद्दाम वरून आल्या होत्या आणि ताईच्या शेजारी ताठ बसल्या होत्या. समालोचक आपल्या खुर्चीत बसला. त्याने वाक्य तयार ठेवलं होतं. ताई, तो नव्हता, मी तुला हसवायला सांगत होतो. एवढंच. लांबवायचं नाही.

मालिका दुपारी पुन्हा दाखवतात, ती सुरू झाली. सून आली. सासूने पाठ फिरवली. ताई बघत होती. समालोचक ताईचा चेहरा बघत होता. त्यावर काहीच उमटलं नाही, ना आश्चर्य, ना राग.

"शिडी आहे अजून," ती म्हणाली.

त्याने पडद्याकडे पाहिलं. सासू, सून, फुलदाणी, पडदे.

"आहेच," गणिताच्या बाई म्हणाल्या. "कालही होती. परवाही. इस्पितळातही तशीच उभी आहे."

हुश्श झालं त्याला. म्हणजे ताईला कळलेलं होतं. फार आधीपासून कळलेलं होतं, आणि बाईंनाही तिने सामील करून घेतलं होतं. आपल्याला शरमेने लाल झालेलं बघायचा हा कट. शेवटी रक्त एकच. तो इतका मोकळा झाला की हसत हसत कबूल करून बसला.

"हरलो, ताई. शिडीवाला नव्हताच. मी रचला होता. त्या दोघी बघत बसल्या होत्या, मला बोलायला काही उरलं नव्हतं. चुकलो."

ताई वळली. तिने त्याच्याकडे नीट, नव्या डोळ्यांनी पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती.

"तुला दिसत नाही?"

"ताई, पुरे आता."

"बाई, याला दिसत नाहीये," ताई हळू म्हणाली.

बाईंनी भुवया खाली आणल्या. त्या भुवया खाली आलेल्या त्याने आजवर पाहिल्या नव्हत्या. "मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "जिन्यात बोलताना."

"इतके दिवस मला सांगत होतास," ताई म्हणाली, "आणि तुला स्वतःला दिसत नव्हतं?"

भाची चहाचा ट्रे घेऊन आली. टीव्हीकडे बघून थांबली. मग भिंतीला अंग चोरून, कशाला तरी वळसा घालून आली आणि ट्रे ठेवला.

समालोचकाला काहीतरी बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाक्य सापडलं नाही. खोलीत शांतता झाली. त्या शांततेत लाकूड लाकडावर घासलं.

ताईने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. काळ्या काचेत खिडकीतलं ऊन दिसत होतं.

आवाज थांबला नाही.

"घाबरू नकोस," ताई म्हणाली. सोफ्यावरून सरकून ती त्याच्या बाजूला आली, त्याचा हात तिने आपल्या हातात घेतला. "मी सांगते तुला. जसं आहे तसं सांगेन, जपून नाही सांगणार."

"ताई."

"घोटे दिसतायत," ती म्हणाली. तिची नजर पडद्यावर नव्हती, त्याच्या डोक्याच्या वर कुठेतरी होती. "एक पायरी उतरला. थांबला. मधली पायरी नाहीये ना, पायाने चाचपतोय. मिळाली. आता गुडघे."

गणिताच्या बाईंनी चहाचा ट्रे उचलून मांडीवर घेतला.

"चेहरा?" समालोचकाने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

ताईने आणखी वर पाहिलं. ती खरं बोलणारी बाई होती.

"खुर्ची जरा मागे घे रे," ती म्हणाली. "त्याला पाय टेकायला जागा नाहीये."